तोंडाला थंडी, पाठीला बोंबील

मित्रांनो, खरं सांगू? हे मी सांगणारच नव्हतो. थकलेल्याला बोलायचाही कंटाळा येतो. त्यात गोष्ट घरातली, आणि तीही वासाची. घरातला वास चार लोकांत कोण सांगतो? पण परवा मागच्या अंगणात खेळायला आलेली दोन पोरं माझ्याकडे बोट दाखवून म्हणाली, "ह्याला काय काम रे? नुसता बसून घुं घुं करतो." ते ऐकलं आणि वाटलं, नाही, आता सांगूनच टाकावं.

तर मी रेवदंड्याच्या शिवदासशेठच्या घरातला थंड हवेचा पेटारा. शहरात मला एअरकंडिशनर म्हणतात. गावात ते नाव कुणाच्या तोंडात बसलं नाही. इथे मी 'थंडीचा पेटारा'. खिडकीत मला असा बसवलाय की तोंड खोलीत आणि पाठ अंगणात. तोंडातून गार वारा येतो, पाठीतून गरम. लोकांना वाटतं मी थंडी तयार करतो. तसलं काही नसतं, मित्रांनो. खोलीतली गरमी उचलायची आणि बाहेर नेऊन टाकायची, एवढंच माझं काम. हमालीच ती.

माझा जन्म लांबचा, समुद्रापलीकडच्या एका कारखान्यात झाला. लढाई नुकतीच संपली होती. बोटीतून मी मुंबईला उतरलो तेव्हा साहेबलोक सामान बांधत होते आणि मी एकटाच उलट्या दिशेने आलो होतो. फोर्टातल्या एका ऑफिसात मला बसवलं. पहिल्या उन्हाळ्यात माझं काय कौतुक! शेजारच्या ऑफिसातले कारकून काहीतरी निमित्त काढून यायचे आणि माझ्यासमोर उभे राहून शर्टाची कॉलर मागे करायचे. एक म्हातारे गृहस्थ तर मला रोज हात जोडायचे. पुढे कौतुक सरलं. लोक माझ्यासमोर नुसते बसायला लागले. काम तेच राहिलं, बघणारे गेले. बरीच वर्षं गेली आणि ऑफिसात माझ्यापेक्षा नवा, कमी आवाज करणारा आला. मला जिन्याखाली ठेवलं.

तिथून मला शिवदासशेठनी उचललं. हे मूळचे रेवदंड्याचेच, समुद्रावरचे. तरुणपणी ससून डॉकला बर्फाच्या कारखान्यात होते. पुढे गावी परतून मासळीला बर्फ पुरवायचा धंदा काढला आणि लोक त्यांना शेठ म्हणायला लागले. जन्मभर ज्या माणसाने थंडीच विकली, त्याला माझी किंमत कळणारच. मचव्यातून मला आणलं, बर्फाच्या लादीसारखं गोणपाटात गुंडाळून. वाटेत खलाशी विचारत होते, "शेठ, यात मासा कुठला?" शेठ म्हणाले, "यात वारा आहे."

त्यांना मी हवा होतो तो नीराबाईंसाठी, त्यांच्या बायकोसाठी. नीराबाईंना दमा. दमट उकाडा वाढला की त्यांना आडवं होता येत नसे. उशा पाठीशी घेऊन बसायच्या आणि बसूनच डुलक्या घ्यायच्या. गावात विजेचे खांब आले, मला खिडकीत बसवलं आणि पहिल्या दुपारी नीराबाई घाबरत घाबरत आडव्या झाल्या. पाठ टेकली. मग झोपल्या. शेठ दारात उभे राहून बघत होते. त्या झोपल्यावरही बराच वेळ बघत होते.

ती दुपार मला फोर्टातल्या सगळ्या कौतुकापेक्षा मोठी वाटली. खोटं कशाला बोलू?

तोंडाकडची गोष्ट ही. आता पाठीकडची सांगतो.

पाठीकडे ठमाबाई होत्या. शेठच्या आई. सगळा जन्म त्यांनी बोंबील वाळवण्यात घालवला होता. किनाऱ्यावर बांबूच्या वलांड्या, म्हणजे वाळवणाच्या आडव्या दांड्या असतात ना, त्यावर ठमाबाईंची जागा ठरलेली. दोन बोंबील घ्यायचे, एकाचा जबडा दुसऱ्याच्या जबड्यात अडकवायचा आणि जोडी दांडीवर टाकायची. हे त्या न बघता करायच्या. पण गुडघे गेले, किनाऱ्यापर्यंत जाणं होईना. त्यात लेक शेठ झाला. शेठ म्हणाले, "आये, आता तुला वाळवणीची गरज काय? लोक काय म्हणतील?"

ठमाबाई उत्तर देणाऱ्या बाईच नव्हेत. त्या करून मोकळ्या व्हायच्या. एक दिवस अंगणातून जाताना त्यांना माझ्या पाठीचा वारा लागला. थांबल्या. हात पुढे धरून बघितला. गरम, कोरडा, एकसारखा वारा. त्यात वाळू नाही. कावळा इथवर येत नाही. मळभ आलं तरी हा वारा चालूच.

"अग्गो बाय!" त्या म्हणाल्या. "इतका वारा आनि नुसता फुकट?"

दुसऱ्या दिवशी माझ्यामागे दोन मेढी रोवून दोरी बांधली गेली. शेठ दिवसभर मासळीत, घरी येऊनही मागच्या अंगणात कधी पाऊल टाकत नसत. त्यावर समुद्राच्या पाण्यात धुतलेले बोंबील, जोडीजोडीने. माझ्या डोक्यावर फडकं, फडक्यावर जवळा, म्हणजे बारीक कोळंबी, पसरलेला. बोंबलांचं पाणी टपटप पाठीवर. जवळ्याचा भुसा बाजूच्या फटींतून सरळ माझ्या पोटात. पाठीत माझ्या पातळ पत्र्यांच्या बारीक फटी आहेत. श्वास घ्यायच्या त्याच जागा.

राग यायला हवा होता मला. पण आला नाही, कारण ठमाबाई माझ्याशी बोलायच्या. इतक्या वर्षांत माझ्याशी कुणी बोललं नव्हतं. लोक माझ्यासमोर बसून एकमेकांशी बोलायचे. ठमाबाई मात्र माझ्या पाठीशी पाट टाकून बसायच्या आणि बोंबील उलटेपालटे करत सगळं सांगायच्या. "आत सुनेला थंडी, भायेर सासूला गरमी. बरी वाटनी केलीस रं बाबा." कधी हसायच्या. कधी गुडघ्याला शिव्या घालायच्या. माझं तोंड नीराबाईंना माहीत होतं, पाठ ठमाबाईंना. माझी मैत्रीण म्हणाल तर तीच एक. आणि माझा जीव घेत होती तीही तीच.

हळूहळू मी दमायला लागलो. गरमी उचलायची, पण टाकायला वाटच नाही. अंग तापायचं, मध्येच आचका देऊन बंद पडायचो. खोली गार व्हायची नाही. नीराबाई पुन्हा उशा पाठीशी घ्यायला लागल्या.

शेठनी मुंबईहून येसाजीला बोलावलं. हा मिस्त्री. मोठा बोलका माणूस. भाऊच्या धक्क्यावरून लाँचने रेवस आणि तिथून एस.टी.ने यायचा. त्याची चिठ्ठी आधी यायची, अमुक दिवशी येतो म्हणून. आणि इथेच, मित्रांनो, सगळा घोळ झाला. मुंबईच्या माणसाने वाळवण बघितलं तर ते शेठच्या कानावर जाणार, ही ठमाबाईंना धास्ती. म्हणून चिठ्ठी आली की ठमाबाई दोरी सोडायच्या, मेढी उपटायच्या, फडकं झटकायच्या, अंगण सारवून चकचकीत करायच्या. येसाजी यायचा तेव्हा माझ्यामागे बोंबलाची शेपटीही दिसायची नाही. मागे अंगणात वाकून माझी पाठ बघण्याचा त्यालाही आळस. पुढूनच झाकण उघडायचा, जाळी धुवायचा, गॅस भरायचा आणि मग भरपेट जेवायचा.

एकदा माझ्या पोटात नाक घालून म्हणाला, "शेठ, मासळीचा वास मारतोय हं."

शेठ ओशाळले. ठमाबाई स्वयंपाकघरातून ओरडल्या, "रेवदंड्यात मासलीचा न्हाय मारनार तर काय अत्तराचा मारंल?"

येसाजी हसला. "तेही खरं." आणि हात धुऊन म्हणाला, "खारी हवा आहे शेठ. त्यात ह्याचं वय झालं. आता ह्याच्यात जीव घालण्यात अर्थ नाही. नवीन घ्या."

तो गेला की संध्याकाळी मेढी परत रोवलेल्या.

असं पुन्हा झालं. मग पुन्हा. दर वेळी मी थोडे दिवस चालायचो आणि बसायचो. शेठ कंटाळले. बाजारात लोक चेष्टा करायचे, "शेठ, पेटाऱ्यातून वारा येतो की सुकटीचा वास?" शेवटी त्यांनी ठरवून टाकलं. दुरुस्ती बंद. नवीन आणायचा. मुंबईच्या दुकानात नंबरही लावून आले. पण त्या वेळी नवीन मशीन अशी सहज मिळत नसे. दुकानदार म्हणाला, दिवाळी तरी उजाडेल.

आणि तेव्हा तर चैत्र चालला होता.

शेठ खोलीत नीराबाईंच्या उशाशी येऊन बसले. "नीरा, मी काय म्हणतो, नवीन येईपर्यंत तू तळे गावी भावाकडे जा. तिथे डोंगर आहे, झाडी आहे. तुला बरं वाटेल."

नीराबाई उशीवरून जरा सावरून बसल्या. मग म्हणाल्या, "भावाच्या घरी आजारी बाई किती दिवस, हो?"

"दिवाळीपर्यंत."

"दिवाळीला नंबर नाही लागला तर?"

"लागेल गं."

"वहिनी वाईट नाही माझी," नीराबाई म्हणाल्या. बोलताना मध्येच धाप लागत होती. "पण गेल्या वेळी ती मला ताट वाढायची ना, ते दारातनं आत सरकवायची. दमा दुसऱ्याला लागतो असं कोणी सांगितलेलं तिला. मला परत तसं जेवायला लावू नका."

शेठ मान खाली घालून बसले. पण उपाय दुसरा काय? नीराबाईंची ट्रंक कॉटखालून बाहेर निघाली. मी समोरच होतो, सगळं बघत होतो. आणि मित्रांनो, मनातलं सांगतो, मला एकीकडे सुटल्यासारखं वाटत होतं. मला भंगारात द्यायचं ठरलं होतं. भंगार तर भंगार, पण एकदाची हमाली तर संपेल. पण ट्रंकेत घडी घातलेली लुगडी बघितली की ते सुटल्यासारखं वाटणं विरून जायचं.

मला काढून न्यायला येसाजीच येणार होता. चिठ्ठी आली, शुक्रवारी येतो. पण झालं काय, अलिबागेला त्याचं दुसरं काम लवकर आटपलं आणि तो गुरुवारीच टपकला. पुढचं दार बंद होतं म्हणून मागच्या अंगणातून आला.

माझ्यामागे दोरीभर बोंबील. डोक्यावर जवळा. पाटावर ठमाबाई.

येसाजीने पिशवी खाली ठेवली. कमरेवर हात ठेवून उभा राहिला. "अरे वा! मुंबईत लोक ह्याची नुसती हवा खातात. तुम्ही ह्याच्यावर बोंबीलपण खाता!"

ठमाबाई दचकून उठल्या. गुडघ्यामुळे नीट उठताही आलं नाही. "तू उद्या येनार व्हतास ना रं?"

"बरं झालं आज आलो, आजीबाय." तो वाकला. पहिल्यांदाच वाकला माझ्यामागे. नखाने माझी पाठ खरवडली, तर जवळ्याचा घट्ट थर निघाला पापुद्र्यासारखा. त्याने तो नाकाशी धरला आणि बोंब ठोकली, "शेठ! ओ शेठ! अहो, हा मेलेला नाही! ह्याचं नाक दाबलंय!"

शेठ धावत बाहेर आले. बघितलं. त्यांच्या तोंडाचा रंगच गेला. "आये, हे काय? हे केव्हापासून?"

ठमाबाईंच्या हातात बोंबलाची एक जोडी होती, ती तशीच राहिली.

"मी तुला विचारतो आये! ती आत बसून झोपते, तिला माहेरी धाडायची पाळी आली, आणि तू..."

"त्यांना बोलू नका," आतून आवाज आला. नीराबाई माझ्याशेजारच्या गजांना धरून उभ्या होत्या. "मीच सांगितलं होतं त्यांना. म्हटलं, वारा वाया जातोय, आई, घाला तिथे बोंबील."

शेठ खिडकीकडे बघायला लागले. येसाजीसुद्धा.

मला माहीत होतं ते खोटं आहे. खोलीतले सगळे दिवस माझ्यासमोरचे. नीराबाईंनी असं कधी सांगितलं नव्हतं. वास त्यांना यायचा, पहिल्या दिवसापासून. त्या नाकाला पदर लावायच्या आणि गप्प राहायच्या.

"खोटा बोलतंय ती पोर," ठमाबाई म्हणाल्या. आवाज बारीक झाला होता. "कोनी न्हाय सांगितला मना. माजा मीच केलाय."

शेठ येसाजीकडे वळले. राग कुठेतरी काढायला हवा होता. "जाऊ दे. काढ हा पेटारा. नवीनला नंबर लावलाय, आता नवीनच येईल."

"काढतो," येसाजी म्हणाला. "माझं काय जातं? पण नवीन कुठे बसवणार? ह्याच खिडकीत ना? मग त्याच्यावर काय, पापलेट टांगणार?" मग जरा नरमाईने बोलला, "शेठ, मीपण मागे कधी बघितलं नाही. चूक माझीपण आहे. हा धुऊन निघेल. पंख्याचं बेअरिंग गेलंय, ते अलिबागेहून बसवून आणतो. चालेल अजून. पण पाठ मोकळी हवी. कायमची."

सगळ्यांनी ठमाबाईंकडे बघितलं. त्यांनी हातातली जोडी सोडवली, एक बोंबील इकडे, एक तिकडे. मग एक मेढ धरली आणि स्वतःच उपटली. दुसरी उपटता येईना तर शेठ पुढे झाले. ठमाबाईंनी त्यांचा हात झटकला. "ऱ्हाऊ दे. रोवताना तू व्हतास काय?"

मला अंगणात झाडाखाली उतरवलं. येसाजीने मला उघडून सोड्याच्या पाण्याने धुतलं. काय काय निघालं पोटातून, सांगत नाही. माझा पंखा घेऊन तो अलिबागेला गेला, आणि मी उघडाच पडून राहिलो. आणि तिथून मला पहिल्यांदाच माझी खोली बाहेरून दिसली. खिडकीत माझ्या जागी चौकोनी भोक होतं. भोकातून नीराबाई दिसत होत्या, उशांना टेकलेल्या, आणि त्यांच्याजवळ ठमाबाई, हातात पंखा. जन्मात मी दोघींना एकत्र बघितलं नव्हतं. एक माझ्या पुढची, एक मागची.

ठमाबाई वारा घालत होत्या. हात बदलत होत्या. उकाडा असा होता की झाडाचं पान हलत नव्हतं.

"कशाला बोललीस गो खोटा?" त्यांनी विचारलं.

नीराबाईंनी डोळे मिटूनच सांगितलं, "या घरात तुमची तेवढी एकच जागा उरली होती, आई."

पंखा थांबला. मग परत सुरू झाला. ठमाबाईंनी हात बदलला, परत बदलला. खांदा चोळला. कोपरावर हात ठेवला. पुढे पंखा मांडीवर पडला आणि त्या खिडकीच्या भोकातून बाहेर बघायला लागल्या. झाडाखाली उघड्या पडलेल्या माझ्याकडे.

"हात मोडला गो माजा," त्या म्हणाल्या. "दोन प्रहर झालं न्हाईत तं हात मोडला. आनि ह्यो येवढी वर्सं..."

पंखा उचलला आणि पुन्हा घालायला लागल्या.

येसाजी माझा पंखा घेऊन परतला. मला जोडलं, परत खिडकीत चढवलं. बटण दाबलं. आत गरमी होती ती मी उचलली, मागे टाकली, आणि मागे वाट मोकळी होती. एवढ्या वर्षांत मला इतका सरळ श्वास आला नव्हता. नीराबाईंची ट्रंक कॉटखाली गेली. त्या आडव्या झाल्या. पाठ टेकली.

वाळवणीला शेठनी विहिरीपलीकडे उन्हात नवी वलांडी करून दिली. "लोक काय म्हणायचं ते म्हणोत," एवढंच म्हणाले. ठमाबाई तिथे काठी घेऊन बसतात आणि कावळ्यांना शिव्या देतात. मला लांबून ऐकू येतं. माझ्या पाठीशी आता कुणी बसत नाही. श्वास मोकळा झाला आणि शेजार गेला. दोन्ही एकदम मिळत नसावं बहुतेक.

मित्रांनो, तुमच्या घरात जे काही राबत असेल, पंखा असो, पाण्याचा पंप असो, माणूस असो, त्याचं तोंड तुम्ही रोज बघताच. कधीतरी मागे जाऊन त्याची पाठही बघा. 'जुनं झालं, टाका' असं म्हणायच्या आधी एकदा बघा. आणि त्याच्यावर तुम्हीच काही टांगलंय का, तेही बघा. मी दमलोय, ते खरंच आहे. बेअरिंग नवं आहे, पण बाकीचा मी जुनाच. एक उन्हाळा संपला की दुसरा येतो आणि गरमी काही संपत नाही.

काल भर दुपारी ठमाबाई आल्या. हातात बोंबील नव्हते. ओलं फडकं होतं. गुडघ्यावर हात ठेवत ठेवत विहिरीपलीकडून इथवर आल्या, पाट नव्हता म्हणून जमिनीवरच टेकल्या आणि माझ्या पाठीवरचं मीठ पुसायला लागल्या. हळूहळू, प्रत्येक फटीवरून.

"दमलास ना रं?" त्या म्हणाल्या. "मी बी दमलेय. पन आयक. ती आत निजलीय. पाठ टेकून निजलीय. एवढा उन्हाळा काड, बाबा. फुडचा फुडं बगू."

मला बोलता येत नाही. मी फक्त गरम वारा सोडतो, तोही त्यांच्याच तोंडावर. पण त्या हलल्या नाहीत. आणि मी त्या वाऱ्यातच त्यांना सांगितलं: काढतो, ठमाबाई. एवढा उन्हाळा तुमच्यासाठी काढतोच.